फायरवॉलमधून जाताना जोडणी अधूनमधून रेंगाळते, पिंग मात्र झकास

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

मांडणी अशी आहे. कामाची यंत्रं एका स्विचवर, त्यापुढे फायरवॉल, फायरवॉलच्या एका पायाला सर्व्हरांचा झोन आणि दुसऱ्या पायाला इंटरनेट. आतल्या यंत्रांचे पत्ते फायरवॉलवर नॅट होऊन एकाच पत्त्याने पुढे जातात. सर्व्हर झोनकडे जातानासुद्धा नॅट होतं. हे माझ्याआधीच्या माणसाने करून ठेवलंय, का ते विचारू नका.

त्रास आहे तो सर्व्हर झोनमधल्या एका वेब अ‍ॅपचा. कधी ते चटकन उघडतं, कधी पान कोरं राहतं आणि चाक फिरत बसतं. एकदा उघडलं की मात्र सुसाट. सगळ्यांचं एकाच वेळी अडत नाही. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचं रखडतं, दुसरा आरामात काम करत असतो. कामाची गर्दी असली की तक्रारी वाढतात, संध्याकाळी कुणी नसताना मी स्वतः बसलो तर काहीच होत नाही.

पिंग सलग चालू ठेवून पाहिला. एकही पॅकेट गळत नाही, वेळ एक मिलिसेकंदाच्या आत. फायरवॉलचा सीपीयू आणि मेमरी निवांत. आणि मुख्य गोष्ट, एक यंत्र उचलून थेट सर्व्हर झोनच्या स्विचला लावलं की तक्रार शून्य. म्हणजे दोष फायरवॉलचाच ना? सपोर्टवाल्यांनी फर्मवेअर चढवायला सांगितलं, ते चढवून झालं, फरक नाही. साहेब आता नवीन फायरवॉल घ्यायचं म्हणतायत. त्याआधी काय तपासू?

लोखंडी_केबल

पहिला संशय नेहमी केबलवर घ्यावा. फायरवॉलचा पोर्ट आणि स्विचचा पोर्ट, दोन्हीकडचा वेग आणि डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं-घेणं म्हणजे फुल, आळीपाळीने म्हणजे हाफ) बघा. एका बाजूला कुणीतरी हाताने १०० फुल डुप्लेक्स ठोकलेलं असतं आणि दुसरी बाजू ऑटोवर असते. समोरून वाटाघाटीचं उत्तर येत नाही म्हणून ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्सवर जाऊन बसते. मग हलक्या वाहतुकीत सगळं छान आणि जरा भार आला की रडारड. पिंगला यातलं काही कळत नाही, कारण पिंग म्हणजे सेकंदाला एक इवलंसं पॅकेट. पोर्टच्या काउंटरमध्ये एका बाजूला लेट कोलिजन आणि दुसऱ्या बाजूला सीआरसीच्या (पॅकेट बिघडल्याच्या) चुका वाढत असतील तर चोर सापडला.

खटपट्या

सेशन टेबल, म्हणजे फायरवॉलकडची चालू जोडण्यांची यादी, बघितलंत का? लिनक्सवर बेतलेली फायरवॉल असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये 'एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशी ओळ सापडेल. टेबल भरलं की जुन्या जोडण्या चालू राहतात आणि नव्या मार खातात, तुमच्या वर्णनाशी जुळतंय. नेटफिल्टरमध्ये स्थापित टीसीपी जोडणीची मुदत मुळात ४,३२,००० सेकंद असते, म्हणजे चक्क पाच दिवस. नीट बंद न झालेल्या जोडण्या तेवढा काळ जागा अडवून बसतात.

कुरकुर

फायरवॉल रीस्टार्ट करून बघा. आमच्याकडे दर आठवड्याला करतात. 😀

रात्रपाळी

रीस्टार्टने पुरावा तेवढा पुसला जातो, त्यामुळे तूर्त नको.

उंबरठा, तुमच्या वर्णनात सगळं आहे, फक्त आकडा नाही. रखडतं म्हणजे नेमकं किती सेकंद? हे मी उगाच विचारत नाहीये. नेटवर्कमध्ये वाट बघणारा प्रत्येक जण ठरलेल्या घड्याळावर वाट बघतो, आणि किती वेळ गेला यावरून कोण ताटकळत होतं ते बऱ्याचदा ओळखता येतं.

पाच सेकंद आणि त्याच्या पटीत असेल तर डीएनएसकडे (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेकडे) बघा. लिनक्सचा रिझॉल्व्हर एका प्रश्नाच्या उत्तराची मुळात पाच सेकंद वाट बघतो, मग पुन्हा विचारतो. यात फायरवॉलचा हात असू शकतो. ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन्ही प्रश्न एकाच सोर्स पोर्टवरून पाठोपाठ पाठवते. पहिलं उत्तर आलं की काही फायरवॉल ते यूडीपी सेशन मिटवून टाकतात आणि दुसरं उत्तर दारातच पडतं. रिझॉल्व्हरच्या सेटिंगमध्ये 'सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन' टाकून हे लगेच पडताळता येतं.

१, ३, ७, १५ असे आकडे येत असतील तर टीसीपीचं पहिलंच पॅकेट, म्हणजे सिन, हरवतंय. सिनला उत्तर आलं नाही की यंत्र एका सेकंदाने पुन्हा पाठवतं, मग दोन सेकंद थांबून, मग चार, मग आठ. बेरीज करत गेलात की हेच आकडे येतात. (२०११ च्या आरएफसी ६२९८ ने सुरुवातीची वाट ३ सेकंदांवरून १ वर आणली. खूप जुन्या प्रणालीवर ३, ९, २१ अशी मालिका दिसेल.)

पानाचा थोडा भाग येऊन मग ठप्प होत असेल, छोटी पानं उघडतात आणि मोठी अडकतात असं असेल, तर ती एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराची, भानगड. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखंच हळू असेल तर विंडो स्केलिंग, भरलेली लाइन, पॅकेटगळती वगैरे. पण ते तुमचं नाही, तुम्ही सुसाट म्हणालात.

वेळ मोजायला ब्राउझरवर विसंबू नका. कर्ल या कमांडला नाव शोधण्याचा, जोडणीचा, टीएलएसचा आणि पहिला बाइट येण्याचा वेळ वेगवेगळा छापायला सांगता येतं. हे सगळे आकडे सुरुवातीपासूनचे असतात, त्यामुळे वजाबाकी करून वाचायचे. दर काही सेकंदांनी चालवून फाइलमध्ये टाका, तेही ज्या यंत्राचं रखडतं आणि ज्याचं रखडत नाही अशा दोन्हींवर.

शून्यएक

एमटीयूवरून आठवलं. ज्यांनी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे चुकांचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) सरसकट बंद करून ठेवलंय त्यांनी हे जरूर वाचा. मधल्या राउटरला पॅकेट मोठं वाटलं आणि 'तुकडे करू नका' ही खूण लावलेली असली, तर तो आयसीएमपीचा टाइप ३ कोड ४ निरोप मागे धाडतो की बाबा, लहान करून पाठव. फायरवॉलने तो निरोप गिळला की पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. छोटी पॅकेटं जातात म्हणून जोडणी होते, लॉगिन होतं, आणि यादी उघडली की खेळ खल्लास.

पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय आणि १४७२ बाइटचा आकार द्या. त्यात २८ बाइटची शीर्षकं मिळवली की १५०० होतात. अडलं तर आकार कमी करत जा. पीपीपीओई असेल तर १४६४ ला जायला लागेल, आयपीसेक बोगदा असेल तर आणखी खाली. उपाय म्हणून बोगद्याच्या तोंडाशी एमएसएस क्लॅम्प करतात (टीसीपीच्या तुकड्याचा आकार बळेच कमी करतात) ते ठीकच, पण तो निरोप सोडायची पॉलिसी आधी लावा. क्लॅम्प फक्त टीसीपीच्या कामाचा.

लोखंडी_केबल

आमचं धोरणच आहे, आयसीएमपी बंद. ऑडिटवाले तेच मागतात.

शून्यएक

ऑडिटवाल्यांना टाइप ८ (पिंगची विचारणा) बंद केलेला दाखवा आणि टाइप ३ चालू ठेवा. दोन्ही एकाच तागडीत तोलायचं काही कारण नाही.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. केबल बदलून पाहिली, डुप्लेक्स दोन्हीकडे ऑटो आणि जोडणी गिगाबिट, चुकांचे काउंटर शून्य. सेशन टेबल दहा टक्केसुद्धा भरलेलं नाही.

रात्रपाळीताई, कर्लचे आकडे घेतले. नाव शोधायला नगण्य वेळ. जोडणीच्या रकान्यात बहुतेक ओळींना ०.००१, आणि मध्येच १.००३, ३.००७, ७.०१५ असे. एक १५ चासुद्धा आहे. मधले आकडे नाहीतच! २ नाही, ४ नाही. जोडणी झाल्यावर पुढचं सगळं तत्काळ. म्हणजे सिन हरवतंय. फायरवॉलच खातेय ना मग?

रात्रपाळी

अजून कुणी खाल्लं ते ठरलेलं नाही. फायरवॉलच्या दोन्ही पायांवर एकाच वेळी कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची नोंद) लावा. फायरवॉलवरच लावलंत तर घड्याळ एकच राहतं, जुळवायला सोपं जातं. गाळणी सर्व्हरच्या पत्त्याची आणि सिन झेंड्याची ठेवा, नाहीतर फाइल फुगेल. प्रश्न तीनच आहेत. आतल्या पायावर सिन आलं का? बाहेरच्या पायावर ते निघालं का? सर्व्हरकडून सिन-अ‍ॅक (सिनचं होकाराचं उत्तर) परत आलं का?

दोन खबरदाऱ्या. बऱ्याच फायरवॉल स्थापित सेशन हार्डवेअरकडे सोपवतात आणि मग ती पॅकेटं कॅप्चरमध्ये दिसतच नाहीत. घाबरू नका, सिन पहिलं पॅकेट असल्याने ते सीपीयूकडूनच जातं. दुसरं म्हणजे नॅटमुळे पत्ता बदलेल, सोर्स पोर्टही बदलू शकेल, आणि काही फायरवॉल सिक्वेन्स नंबरसुद्धा बदलून टाकतात. मग आतलं पॅकेट आणि बाहेरचं पॅकेट जुळवायचं कसं? टीसीपीच्या पर्यायांत टाइमस्टॅम्पचा (पाठवणाऱ्या यंत्राच्या घड्याळाचा) आकडा असतो, तो सहसा तसाच राहतो. त्यावरून जुळवा.

खटपट्या

दोन लिंक एकत्र बांधल्या असतील तर तेही बघा. पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश काढून कुठली जोडणी कुठल्या लिंकवरून जाणार ते ठरतं. एक लिंक आजारी असेल तर नेमक्या काही जोडण्या मरतात, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. आणि पिंगचा हॅश बदलत नसल्याने तो कायम चांगल्याच लिंकवर पडू शकतो.

उंबरठा

लिंक एकेकच आहे, बांधलेल्या नाहीत.

कॅप्चर घेतलं. निकाल विचित्र आहे. रखडलेल्या जोडणीचं सिन आतल्या पायावर येतं, त्याच मिलिसेकंदात नॅट होऊन बाहेरच्या पायावरून निघतं, आणि सर्व्हरकडून काहीही येत नाही. रिसेटसुद्धा (जोडणी नाकारल्याचा निरोप) नाही. एका सेकंदाने दुसरं सिन, तेही निघतं, पुन्हा शांतता. मग तिसऱ्याला किंवा चौथ्याला सिन-अ‍ॅक येतं आणि गाडी सुरू.

थोडक्यात, फायरवॉल सुटली. पण मग यंत्र थेट सर्व्हर झोनमध्ये लावलं की त्रास का होत नाही? सर्व्हर सांभाळणारे म्हणतात, आमच्याकडे लोड नाही, तुमचं नेटवर्क तपासा. मी मधल्या मध्ये लटकलोय.

लोखंडी_केबल

सर्व्हरची ऐकण्याची रांग भरत असेल. अ‍ॅप जोडण्या वेळेवर उचलत नसेल तर कर्नल नवी सिन टाकून देतं. सीपीयू रिकामा असतानाही होतं हे.

रात्रपाळी

शक्य आहे, पण मग थेट लावलेल्या यंत्रालाही झळ बसायला हवी होती. तरी एकाच आदेशात दोन्ही कळेल. सर्व्हरवर 'नेटस्टॅट -एस' चालवा, पाच मिनिटांनी पुन्हा चालवा आणि फरक बघा. 'लिसन क्यू' ओव्हरफ्लोची ओळ वाढते का ते पहा, आणि ज्या ज्या ओळींत टाइमस्टॅम्पचा उल्लेख आहे त्या इथे डकवा. सर्व्हरचं कर्नल कुठलं आहे तेही सांगा.

आणखी एक. ज्यांचं रखडतं ती यंत्रं कुठल्या जातीची आहेत? विंडोज की दुसरं काही?

उंबरठा

ताई, तुम्ही हे आधीच ओळखलं होतंत की काय?

कर्नल ३.१० च्या घरातलं. लिसन क्यू ओव्हरफ्लो शून्य. पण 'पॅसिव्ह कनेक्शन्स रिजेक्टेड बिकॉज ऑफ टाइम स्टॅम्प' या ओळीचा आकडा पाच अंकी आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत वाढतोय. जेव्हा जेव्हा कर्ल रखडतं तेव्हा तेव्हा वाढतो.

यंत्रांचं म्हणाल तर तक्रारी सगळ्या जुन्या लिनक्स थिन क्लायंटवाल्यांच्या. विंडोज लॅपटॉपवाल्यांपैकी एकाचीही नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण थिन क्लायंटच जास्त आहेत.

रात्रपाळी

सापडलं. सर्व्हरवर 'टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल' किती आहे बघा. १ असणार.

आता हे काय प्रकरण आहे ते सविस्तर, कारण यात चांगले चांगले फसलेत.

टीसीपी जोडणी संपल्यावर बंद करणारी बाजू ती थोडा काळ टाइम-वेट अवस्थेत ठेवते, लिनक्सवर ६० सेकंद. भटकून उशिरा आलेलं जुनं पॅकेट नव्या जोडणीत शिरू नये म्हणून. वर्दळीच्या सर्व्हरवर अशा हजारो नोंदी दिसतात, आणि त्या बघून कुणाच्या तरी पोटात गोळा येतो. मग 'सर्व्हर ट्यूनिंग' म्हणून इकडून तिकडे फिरणाऱ्या पाककृतींमधली ही ओळ चिकटवली जाते: रीसायकल चालू करा, टाइम-वेट झटपट साफ होतील. त्या नोंदी खरं तर फार मेमरी खात नाहीत, पण आकडा मोठा दिसला की लोकांना चैन पडत नाही.

रीसायकल चालू केलं की टाइम-वेट लवकर मिटतं, आणि त्याच्या बदल्यात सर्व्हर दुसरं संरक्षण वापरतो. समोरच्या प्रत्येक आयपी पत्त्याचा शेवटचा टाइमस्टॅम्प तो लक्षात ठेवतो. पुढच्या ६० सेकंदांत त्याच पत्त्यावरून त्याहून लहान टाइमस्टॅम्पचं सिन आलं, तर ते जुनं समजून निमूटपणे टाकून देतो. उत्तर नाही, रिसेट नाही, लॉग नाही. फक्त तो एक काउंटर वाढतो.

एका पत्त्यामागे एकच यंत्र असेल तर हे बिनबोभाट चालतं. तुमच्याकडे नॅट आहे, म्हणजे एका पत्त्यामागे पन्नास यंत्रं आणि प्रत्येकाचा टाइमस्टॅम्प वेगळा. सर्व्हरच्या नजरेने बघा: एकच माणूस, त्याचं घड्याळ आत्ता दहा दाखवतंय आणि पुढच्या क्षणी सहा. तो त्याला खोटं ठरवणारच.

जुन्या लिनक्स कर्नलमध्ये टाइमस्टॅम्प यंत्र चालू झाल्यापासून मोजला जातो. म्हणजे जे यंत्र सगळ्यात जास्त काळ बंद केलेलं नाही त्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याला कधीच त्रास नाही. त्याची जोडणी नुकतीच मिटलेली असताना ताजं सुरू केलेलं यंत्र आलं की ते मार खातं. 'हळू चालतंय, जरा रीस्टार्ट करून बघतो' म्हणणाऱ्याचे हाल आणखी वाढतात. विंडोज क्लायंट बहुधा टाइमस्टॅम्प पाठवतच नाहीत, म्हणून ते सुटले. पिंगमध्ये टीसीपीच नाही. संध्याकाळी तुम्ही एकटे असता, तुलना करायला दुसरं यंत्र नसतं. आणि थेट झोनमध्ये लावलेल्या यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो, नॅट मधून गायब. तुमच्या त्या चाचणीने फायरवॉलला नाहक आरोपी केलं.

उंबरठा

१ च आहे!

आणि कॅप्चर पुन्हा उघडून पाहिलं. उत्तर मिळालेल्या एका जोडणीचा टाइमस्टॅम्प ४८,१२,०७,३११. तिच्यानंतर चार सेकंदांनी दुर्लक्षित झालेल्या सिनचा ९,३६,५४०. पहिलं यंत्र कोपऱ्यातलं, ते गेले पाच-सहा दिवस कुणी बंदच केलेलं नाही. दुसरं त्याच सकाळी चालू केलेलं. तंतोतंत.

बंद करायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागेल का? आणि टाइम-वेट वाढले तर?

रात्रपाळी

रीस्टार्ट नको. सिसकंट्रोलने (कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने) ० करा, लगेच लागू होतं. सेटिंगच्या फाइलमधूनही काढा, नाहीतर पुढच्या बूटला भूत परत येईल. टाइम-वेट वाढतील, वाढू द्या.

काही जण टाइमस्टॅम्पच बंद करा म्हणतील. त्यानेही लक्षण जातं, पण टाइमस्टॅम्प आरटीटी (पॅकेट जाऊन-येण्याचा वेळ) मोजायला आणि वेगवान जोडणीत सिक्वेन्स नंबर फिरून आले तर ओळखायला लागतात. १९९२ च्या आरएफसी १३२३ पासून ते आहेत ते उगाच नाही.

खटपट्या

दंडवत घ्या. पण एक शंका. 'टीडब्ल्यू_रीयूज' पण आमच्याकडे १ आहे. तेही काढू?

रात्रपाळी

ते वेगळं. रीयूज फक्त यंत्राने स्वतः बाहेर काढलेल्या जोडण्यांना लागू होतं, येणाऱ्या सिनना हात लावत नाही. नावं सख्ख्या भावंडांसारखी असल्याने दोन्ही एकत्र चिकटवली जातात. रीसायकल मात्र लिनक्स ४.१२ मधून, २०१७ साली, काढूनच टाकलं. त्याआधी ४.१० मध्ये टाइमस्टॅम्पची सुरुवात रँडम केली गेली होती, त्यामुळे रीसायकलचा आधारच गेला होता. नव्या कर्नलवर ही सेटिंग शोधायला गेलात तर फाइलच सापडणार नाही. दुखणं जुन्या सर्व्हरचंच, पण जुने सर्व्हर जात कुठे नाहीत.

शून्यएक

उंबरठा, सर्व्हर झोनकडे जातानाचं नॅटही काढून टाका जमल्यास. सर्व्हरचा परतीचा मार्ग फायरवॉलकडेच आहे ना? मग आतल्या पत्त्यांना तिथे लपवून मिळतं काय? सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळे एकाच पत्त्याने दिसतात, कोण काय करतंय ते कळत नाही. मात्र परतीचा मार्ग आधी तपासा. सर्व्हरला दुसरा गेटवे असेल तर उत्तर भलत्याच वाटेने जाईल आणि स्टेटफुल फायरवॉल अर्धवट संभाषण बघून तोडून टाकेल. मग नवीन धागा काढावा लागेल.

कुरकुर

धागा पेटलाच आहे तर माझं घ्या. आमच्या अ‍ॅप आणि डेटाबेसच्या मध्ये फायरवॉल आहे. दिवसभर ठीक चालतं. मधल्या सुट्टीनंतर पहिली क्वेरी टांगते, पंधरा मिनिटं टांगते, मग चूक दाखवून पुन्हा सुरळीत. म्हणून तर दर आठवड्याला रीस्टार्ट.

खटपट्या

अवांतर आहे, पण पंधरा मिनिटं हा आकडाच बोलतोय. 😀

फायरवॉल निष्क्रिय सेशन ठरावीक वेळाने गुपचूप विसरते, बऱ्याच ठिकाणी तासाभराने. दोन्ही टोकांना मात्र वाटतं जोडणी जिवंत आहे. अ‍ॅप पूलमधली (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यातली) तीच जोडणी उचलतं, पॅकेट पाठवतं, फायरवॉलला त्याची नोंदच सापडत नाही, ती टाकून देते. लिनक्स मग पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. 'टीसीपी_रीट्राइज२' मुळात १५ असतं, त्याने किमान सुमारे ९२४ सेकंद जातात, म्हणजे साडेपंधरा मिनिटं. मग हार मानतं. तुमची पंधरा मिनिटं ती हीच.

कुरकुर

मग कीप-अलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं छोटं पॅकेट) कशाला असतं? ते चालू आहे आमच्याकडे.

खटपट्या

चालू असेल, पण लिनक्सवर पहिला कीप-अलाइव्ह ७,२०० सेकंदांनी निघतो, दोन तासांनी. तोवर फायरवॉलने कधीच नोंद पुसलेली असते. म्हणूनच २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये नॅटने स्थापित जोडणी किमान २ तास ४ मिनिटं ठेवावी असं म्हटलंय, पण पाळतं कोण. सर्व्हरवर तो वेळ ६०० सेकंदांवर आणा, आणि अ‍ॅप सॉकेटवर कीप-अलाइव्ह खरंच मागतंय का ते बघा, नुसतं कर्नलमध्ये असून भागत नाही. पूलला जोडणीचं कमाल आयुष्य फायरवॉलच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा. फायरवॉलमध्ये मुदत संपल्यावर दोन्हीकडे रिसेट पाठवायचा पर्याय असेल तर तोही लावा, निदान टांगणं तरी थांबेल. सरसकट मुदत वाढवू नका, फक्त त्या डेटाबेसच्या पॉलिसीवर वाढवा. नाहीतर मी वर म्हटलेलं सेशन टेबल खरोखरच भरेल.

लोखंडी_केबल

यात रीस्टार्टने बरं वाटतं ते पूलच्या सगळ्या जोडण्या नव्याने होतात म्हणून. पुढच्या सुट्टीपर्यंत.

उंबरठा

रीसायकल ० केल्यापासून तो काउंटर जागचा हललेला नाही. कर्ल आठवडाभर चालू ठेवलं, जोडणीचा रकाना सरळ रेषेत. टाइम-वेटच्या नोंदी वाढल्या, सर्व्हरला त्याचं काही नाही.

शून्यएक म्हणाले तसं परतीचा मार्ग तपासला. एका सर्व्हरला खरंच दुसरा गेटवे निघाला, बहुधा म्हणूनच आधीच्या माणसाने नॅट लावलं असावं. तो मार्ग नीट करून मगच नॅट काढणार आहे. साहेबांना कॅप्चरचे ते दोन आकडे दाखवले, नवीन फायरवॉलचा प्रस्ताव मागे घेतला. सर्व्हरवाल्यांना ती काउंटरची ओळ पाठवली आहे, त्यांच्या बाकीच्या सर्व्हरवरही तीच सेटिंग सापडली.

कुरकुर

खटपट्या, ६०० केलं, आज सुट्टीनंतर पहिली क्वेरी लगेच आली. रीस्टार्टचं वेळापत्रक काढायला सांगितलंय, पण ते म्हणतात प्रक्रियेत लिहिलेलं आहे, आधी प्रक्रिया बदलायचा अर्ज भरा.